जुना मथळा शब्दशः खरा धरला तर : विनोदी परिणामकथा लिहिण्याची रीत

जुन्या वर्तमानपत्रातला एखादा मथळा घ्यायचा, तो अक्षरशः खरा मानायचा आणि त्याचे परिणाम दिवसागणिक लिहीत जायचे, हा लेखनप्रकार दिसतो तेवढा सैल नाही. यात कल्पनाशक्तीला एकदाच मोकळे सोडायचे असते, मथळा खरा धरताना. तिथून पुढे सगळा हिशेब. मथळा खरा असेल तर उद्या सकाळी कोणाला लवकर कामावर यावे लागेल, कोणाची रजा रद्द होईल, कोणत्या कागदावर कोणाची सही लागेल आणि खर्च कोणत्या खात्यावर पडेल? या प्रश्नांची उत्तरे जितकी काटेकोर, तितके हसू मोठे. हे सांभाळले तर बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात. हे सुटले तर उत्तम मथळाही वाया जातो.

मथळा शोधणे आणि तपासणे

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका', ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचा 'पेपर्स पास्ट' हे तीन मोठे संग्रह विनामूल्य उघडतात. तिथे शब्द टाकून शोधता येते, पण शोध चालतो तो यंत्राने वाचलेल्या मजकुरावर, आणि त्या वाचनात चुका असतात. जुन्या इंग्रजी छपाईतला लांबुडका 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो, फिकट शाईतले अक्षर गळते, शेजारच्या स्तंभातली ओळ मध्येच घुसते. ट्रोव्हवर वाचकांनी हौसेने असंख्य ओळी दुरुस्त केल्या आहेत, तरी मथळा उतरवून घ्यायचा तो पानाच्या छायाप्रतीवरूनच.

मराठीसाठी वेगळी युक्ती लागते. जुन्या देवनागरी खिळ्यांची छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, त्यामुळे शब्द टाकण्यापेक्षा तारीख धरून पाने चाळणे जास्त फळते. शब्द टाकायचाच असेल तर जुन्या वळणाने टाका: 'नाहीं', 'त्यांत', 'करितां'. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ सालचे. त्याआधीच्या पानांवर अनुच्चारित अनुस्वार सर्रास दिसतात. मथळा उद्धृत करताना ते अनुस्वार पुसू नका. जुनेपणाची निम्मी चव त्यातच असते.

प्रत्येक मथळ्यासाठी एक टिपणकागद करा आणि त्यावर सहा गोष्टी लिहा: मथळा, त्याखालचे उपमथळे, वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि वार, पान, आणि त्या आठवड्यातली दुसरी कोणतीही मोठी बातमी. सहावी नोंद लोक सोडून देतात, आणि पुढे परिणामकथेला इंधन नेमके तीच पुरवते. कसे ते मंगळाच्या उदाहरणात दिसेल.

वार लिहायचे कारण पडताळणी. जुन्या वर्तमानपत्रासारखी दिसणारी बनावट पाने सहज तयार करता येतात आणि ती फिरतही असतात. तारीख आणि वार जुळतात का, हे दिनदर्शिकेवर एका मिनिटात कळते. ३ नोव्हेंबर १९४८ ला बुधवार होता, २७ ऑगस्ट १९११ ला रविवार. वार चुकला तर पानाकडे संशयाने पाहा. वार जुळला म्हणून मात्र पान खरे ठरत नाही. तो मथळा संग्रहात मूळ पानावर सापडला पाहिजे. खऱ्या मथळ्यावर बेतलेली कल्पना वाचक उचलून धरतो, पण मथळाच खोटा निघाला तर सगळी कथा खाली बसते.

कोणता मथळा चालतो

मथळ्यात एक ठाम विधान हवे. 'परिस्थितीवर चर्चा' असल्या मथळ्यातून काही उगवत नाही, कारण खरे धरायला त्यात काही नसतेच. ठाम विधान चार प्रकारच्या मथळ्यांत भेटते: साफ चुकलेला मथळा, फाजील आत्मविश्वासाचे भाकीत, भडक शब्दांत मांडलेले विज्ञान, आणि वाक्प्रचार.

वगळायचे काय तेही ठरवून ठेवा. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर काही वर्तमानपत्रांनी सर्व प्रवासी वाचल्याचे छापले होते. तांत्रिकदृष्ट्या हा चुकीच्या मथळ्याचा ठळक नमुना, पण त्या रात्री दीड हजार माणसे गेली. ज्या मथळ्यामागे प्रेत आहे तो घ्यायचा नाही. मथळ्यात सामान्य माणसाचे नाव असेल तर तोही नाही. त्याची नातवंडे वाचत असतात.

वाक्प्रचाराचे मथळे : मराठीची खरी खाण

मराठी मथळे वाक्प्रचारांवर जगतात. पावसाने दडी मारली, पारा घसरला, बाजार कोसळला, महागाईने कंबरडे मोडले, विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतले, फाईल धूळ खात पडून. यातला कोणताही एक उचलला की गंमत सुरू होते, पण ती दोन ओळींत संपते. धूळ खाणाऱ्या फाईलला जेवायला वाढले, झाला विनोद. पुढे काय?

पुढे जायचे तर एकाच कुळातले मथळे गोळा करा. कूळ म्हणजे एका धंद्यातून, एका कामातून आलेले वाक्प्रचार. लोहाराचे कूळ घेऊ. 'मुद्दा तापला', 'प्रश्न ऐरणीवर', 'अधिकाऱ्यांना धारेवर धरले' हे तिन्ही मथळे एकाच भट्टीतून आले आहेत, आणि वेगवेगळ्या दिवशी छापून येत असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. आता लोहारकामाचा खरा क्रम काय? लोखंड भट्टीत तापवायचे, भाता मारून लाल करायचे, सांडशीने उचलून ऐरणीवर ठेवायचे, लाल असेतोवर घण घालायचा, मग पाणी द्यायचे (म्हणजे तापलेले असतानाच पाण्यात बुडवून कडक करायचे), आणि शेवटी धार लावायची. क्रम पक्का ठेवून मथळे त्यात बसवा.

सोमवारी मुद्दा तापला. प्रश्न ऐरणीवर आला तो गुरुवारी. इथेच पहिली अडचण, आणि ती तुम्ही शोधून काढलेली नाही, लोहारकामातूनच आली आहे: तीन दिवसांत लोखंड गार पडते आणि गार लोखंडावर घण बसला तर ते वाकण्याऐवजी तडकते. लोहार प्रश्न परत पाठवतो, 'पुन्हा तापवून आणा' असा शेरा मारून. शुक्रवारी मुद्दा पुन्हा तापतो, ऐरणीवर येतो, घाव बसतात, आकार येतो. आता पाणी द्यायचे, तर त्याच दिवशीचा मथळा: 'पाणी पेटले'. पेटलेल्या पाण्यात पोलाद विझवायचे कसे? जाणता लोहार तेलाचा पर्याय सुचवतो, आणि तो खराच आहे, काही पोलादांना तेलातच विझवतात. पण शनिवारचा मथळा म्हणतो, 'तेलाचे दर भडकले'. भडकलेले तेलही गेले. शेवटी पाणी न देताच धार लावतात. रविवारी अधिकाऱ्यांना त्या धारेवर धरले जाते आणि कोणालाही साधा ओरखडा उठत नाही, कारण पाणी न दिलेल्या पोलादाची धार मऊ राहते.

या शेवटाचा जोर कुठून आला ते पाहा. 'अधिकाऱ्यांना धारेवर धरूनही काही होत नाही' ही वाचकाच्या मनातली जुनी तक्रार आहे. कथेने तिला धातुशास्त्राचे कारण दिले. टोमणा कुठेच मारावा लागला नाही. वाक्प्रचाराच्या कथेत शेवट असाच शोधावा: रोज दिसणाऱ्या गोष्टीला कथेच्या नियमातून मिळालेले कारण.

अशी आणखी कुळे सहज निघतात. अंगाचे कूळ: कंबरडे मोडले, कानावर हात ठेवले, तोंडाला पाने पुसली, पाठीशी घातले. हवामानाचे कूळ: वादाचे ढग, टीकेची झोड, आश्वासनांचा पाऊस, आणि पाठोपाठ 'पावसाने दडी मारली'. आश्वासनांच्या पावसानेच दडी मारली असेल तर वेधशाळेने कोणता इशारा द्यायचा, हा प्रश्न एका लेखाला पुरतो. पाच मथळ्यांपेक्षा जास्त एका कथेत घेऊ नका. सहाव्याला वाचक खेळ ओळखून पुढचा मथळा स्वतःच म्हणू लागतो.

परभाषेतले वाक्प्रचाराचे मथळे मराठीत आणायला जाऊ नका. 'व्हरायटी' या अमेरिकी नियतकालिकाने ३० ऑक्टोबर १९२९ च्या अंकात शेअर बाजार कोसळल्याचा जो मथळा दिला, त्याचा शब्दशः अर्थ 'वॉल स्ट्रीटने अंडे घातले' असा होतो. इंग्रजी नाट्यव्यवसायात अंडे घालणे म्हणजे सपशेल आपटणे. मराठीत अंडे घातले म्हणजे निदान काहीतरी हाती आले. अर्थ उलटा होतो, आणि समजावून सांगेपर्यंत हसण्याची वेळ निघून जाते.

एक पूर्ण उदाहरण : मंगळावरचे कालवे

२७ ऑगस्ट १९११ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'चा मथळा मराठीत असा होईल: 'मंगळवासीयांनी दोन वर्षांत दोन अजस्र कालवे बांधले'. मागे पर्सिव्हल लोवेल हे खगोल अभ्यासक होते. त्यांनी १८९४ मध्ये ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला वेधशाळा उभारली आणि मंगळावर दिसणाऱ्या रेषा हे तिथल्या रहिवाशांचे जलकाम आहे असे ते शेवटपर्यंत मानत राहिले. त्याआधी १८७७ मध्ये इटलीच्या स्कियापारेल्ली यांनी अशा रेषांना 'कनाली' म्हटले होते. इटालियनमध्ये त्याचा अर्थ नुसता प्रवाहमार्ग असाही होतो. इंग्रजीत तो 'कालवा' झाला, आणि कालवा म्हटले की खणणारा आलाच.

आता टिपणकागदावरची सहावी नोंद. ऑगस्ट १९११ मध्ये पृथ्वीवर कोणता कालवा खणला जात होता? पनामा. अमेरिकेने ते काम १९०४ मध्ये हाती घेतले, कालवा खुला झाला १५ ऑगस्ट १९१४ रोजी, लांबी सुमारे ८० किलोमीटर. म्हणजे मथळा छापला त्या रविवारी पनामाच्या कामाचे आठवे वर्ष चालू होते. कथेचा नायक इथे सापडला: पनामाच्या कचेरीतला पत्रव्यवहार सांभाळणारा कारकून. मंगळवासी कसे दिसतात, त्यांना हात किती, याच्या वाटेला जाऊ नका. ते कथेत एकदाही दिसता कामा नयेत. मंगळावर कालवे झाले ही एकच अशक्य गोष्ट मंजूर आहे. तिची झळ ज्याला बसते त्याच्याच टेबलावर राहा.

पायऱ्या अशा पडतात.

सोमवारी सकाळी राजधानीहून तार: 'मंगळावर दोन वर्षांत दोन. आपल्याकडे आठव्या वर्षी एकही नाही. खुलासा करावा.' ही पहिली पायरी मथळ्याला अगदी चिकटून हवी, म्हणजे वाचकाला नियम कळतो.

मंगळवारी कारकून खुलासा शोधतो. मंगळावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. आपल्याकडचे शंभर टन मातीचे ओझे तिथे काट्यावर ३८ टन भरेल. म्हणजे काम हलके. खुलासा तयार होतो आणि वरिष्ठांना पसंत पडतो. पण लेखापाल विचारतो, तिकडे मजुरी वजनावर ठरली होती की घनफळावर? वजनावर असेल तर त्यांचे काम आपल्यापेक्षा निम्म्याहून स्वस्त पडले, आणि आता खर्चाचाही खुलासा द्यावा लागेल. एका उत्तरातून दुसरा, जास्त वाईट प्रश्न निघाला पाहिजे. परिणामकथेची चढण ती हीच.

बुधवारी कोणीतरी दिनदर्शिका काढतो. मंगळाचे एक वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचे. मथळ्यातली 'दोन वर्षे' कोणाची? मंगळाची धरली तर १३७४ दिवस, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे नऊ महिने. कचेरीत आनंदीआनंद. लगेच उत्तर जाते की मंगळवासीयांनी मुदत फुगवून सांगितली आहे. उलट टपाली सूचना येते: 'मान्य. यापुढे आपलाही प्रगती अहवाल मंगळाच्या वर्षांत पाठवावा.' आठव्या वर्षाचे एका रात्रीत चौथे होते. काम एक टोपली पुढे सरकलेले नसते, पण अहवाल उत्तम दिसतो.

इथे थांबा. पुढे मंगळवासीयांना पनामाचे कंत्राट देण्याचा मोह होईल. दिलेत की कथा दुसऱ्याच जातीची होते. शेवटच्या ओळीत १९६५ साल आणून मरिनर ४ या यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत कालव्यांचा मागमूस नव्हता, हे सांगण्याचाही मोह होईल. तोही टाळा. ते सांगितले की मथळा खोटा ठरतो आणि वाचकाने तीन दिवस खरा धरलेला हिशेब कचऱ्यात जातो. माहिती म्हणून ती कथेबाहेर, टिपेत द्या.

चुकलेला मथळा : सीमा आखून घ्या

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीबद्दल ३ नोव्हेंबर १९४८ ला 'शिकागो डेली ट्रिब्यून'ने 'डेवीकडून ट्रूमन पराभूत' असा मथळा छापला. छापखान्यात संप होता, पर्यायी पद्धतीने पाने तयार करायला जास्त वेळ लागत होता, म्हणून पहिली आवृत्ती निकाल येण्याच्या कितीतरी आधी छपाईला गेली. प्रत्यक्षात ट्रूमन ३०३ विरुद्ध १८९ निर्वाचक मतांनी जिंकले. तो मथळा असलेल्या सुमारे दीड लाख प्रती निघाल्या होत्या.

'डेवी जिंकले असते तर' असे लिहायला बसलात तर ती राजकीय इतिहासकथा होईल, आणि तिला शीतयुद्धाचा अभ्यास लागेल. मथळा खरा धरायचा तो छापल्याप्रमाणे: दीड लाख प्रतींपुरता. ज्या घरात पहिली आवृत्ती आली तिथे अध्यक्ष डेवी, ज्या घरात पुढची आली तिथे ट्रूमन. मग एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक अध्यक्ष, तिसऱ्यावर दुसरा. जिन्यावर कोणाचा कायदा? शेजाऱ्याकडून वर्तमानपत्र उसने आणले तर नागरिकत्व बदलते का? रद्दीवाला गठ्ठे उचलू लागला की एक राष्ट्र रोज थोडे थोडे लहान होत जाते, आणि चार वर्षांची मुदत संपेपर्यंत रद्दी न विकणे हे राष्ट्रकार्य ठरते. दीड लाख हा आकडाच इथे सगळी कथा चालवतो. चुकलेल्या मथळ्यात असा आकडा किंवा सीमा हुडका: किती प्रती, कोणती आवृत्ती, किती तास. सीमा नसेल तर परिणाम जगभर सांडतात आणि कोणताच नीट पाहता येत नाही.

भाकिते आणि विज्ञान

भाकिताचा मथळा आदेश समजून वाचायचा. ९ ऑक्टोबर १९०३ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये 'न उडणारी उड्डाणयंत्रे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख आला. उडणारे यंत्र साधायला दहा लाख ते एक कोटी वर्षे लागतील असा त्यातला अंदाज. ६९ दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधूंचे यंत्र १२ सेकंद आणि १२० फूट उडाले. जुन्या लेखकाला वेड्यात काढणे सोपे आहे, आणि त्यात कोणाला हसू येत नाही. त्याऐवजी अंदाज बंधनकारक धरा. मग ते उड्डाण किमान नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव वर्षे अगोदर झाले, आणि वेळेआधी केलेल्या उड्डाणाचा दंड किती, तो दरवर्षी आकारायचा की एकरकमी, बारा सेकंदांसाठी सूट आहे का, हे एका अधिकाऱ्याला ठरवायचे आहे. इथे कथा पत्ररूपात लिहा. दंडाची नोटीस, बंधूंचा अर्ज, त्यावरचा शेरा.

विज्ञानाच्या मथळ्यात मौज असते ती प्रमाणातल्या तफावतीची. १० नोव्हेंबर १९१९ चा 'न्यूयॉर्क टाइम्स' म्हणतो की आकाशातले सगळे दिवे तिरपे झाले आहेत. उपमथळा सांगतो की तारे दिसत होते तिथे नाहीत, पण कोणी काळजी करू नये. हे त्या वर्षीच्या २९ मेच्या ग्रहणात घेतलेल्या मापनांबद्दल होते. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार सूर्याच्या कडेने येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळायला हवा होता. विकला हे कोनाचे माप, एका अंशाचा ३६०० वा भाग. १.७५ विकला म्हणजे किती? दोन सेंटिमीटरचे नाणे सुमारे २.४ किलोमीटर दूर धरले तर ते डोळ्याला जेवढा कोन करते तेवढे. आभाळ कोसळल्यासारखा मथळा आणि आत एवढासा सरक. परिणामकथेत हा आकडाच वापरा: हरवलेल्या ताऱ्यांची तक्रार घेणारा शिपाई विचारतो, 'तारा किती सरकला?', आणि उत्तर ऐकून नोंदवहीत काय लिहावे ते त्याला कळत नाही, कारण वहीत सर्वांत लहान माप एक हात आहे. उपमथळे का उतरवून घ्यायचे तेही इथे कळते. 'कोणी काळजी करू नये' हे वाक्य कथेत दर दोन परिच्छेदांनी, प्रत्येक वेळी जास्त बिकट जागी, परत आणता येते.

लेखनातले बारकावे

लांबी ५०० ते ७०० शब्द, मोठ्याने वाचून सुमारे पाच मिनिटे. पायऱ्या तीन ते पाच. अशक्य गोष्ट एकच. दुसरी शिरली की वाचकाला वाटते इथे काहीही होऊ शकते, आणि काहीही होऊ शकते तिथे कशाचेच हसू येत नाही. आकडे दोन किंवा तीन, पण खरे आणि तपासलेले. गोल आकडा हसवत नाही: 'हजारो टोपल्या' मेल्यासारखे वाचले जाते, '४१७ टोपल्या, पैकी ९ कान तुटलेल्या' वाचताना कोणीतरी मोजायला बसलेला दिसतो. असे मोजणीचे आकडे कथेच्या आत कल्पित चालतात. तारखा, अंतरे आणि शास्त्रीय मापे मात्र खरीच हवीत.

भाषा ज्या कागदाचे सोंग घेतले त्याची. खुलासा असेल तर 'सदर', 'उपरोक्त', 'अवलोकनार्थ सादर' बिनदिक्कत येऊ द्या. निविदासूचना असेल तर अटी क्रमांकाने. बातमी असेल तर पहिल्याच वाक्यात कोण, कुठे, कधी. उद्गारचिन्ह एकही नको. निवेदकाला काहीच विचित्र वाटत नाही, हे जपायचे.

बहुतेक कथा तिसऱ्या परिच्छेदात बिघडतात, आणि कारण नेहमीचेच: लेखक घाईने जगाच्या अंताकडे धावतो. दंगली, युद्ध, पृथ्वीचा स्फोट. परिणाम मोठा करायचा म्हणजे अवाढव्य करायचा असे नव्हे, जास्त गुंतागुंतीचा करायचा. अडकलात तर ताज्या परिच्छेदातला सर्वांत कमी महत्त्वाचा माणूस शोधा, पहारेकरी, खिळेजुळारी, तारवाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर काय येते ते लिहा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मथळा समजावून सांगणे. पार्श्वभूमीला दोन वाक्ये पुरत नसतील तर तो मथळा या वाचकांसाठी नाही, दुसरा घ्या.

पूर्ण झाल्यावर एक चाचणी करा. प्रत्येक पायरीपुढे 'म्हणून' लिहून वाचा. 'म्हणून'ऐवजी 'आणि मग' बसत असेल तिथे साखळी तुटली आहे. तेवढा परिच्छेद काढा, पुन्हा बांधा.

छापण्याआधी

मथळ्याचे शब्द वापरणे आणि पानाचे चित्र वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात शीर्षके आणि तुटक शब्दसमूह नोंदवले जात नाहीत, पण पानावरच्या छायाचित्रावर किंवा व्यंगचित्रावर कोणाचा तरी हक्क शिल्लक असू शकतो. चित्र हवे असेल तर संग्रहात त्या पानाखाली दिलेली हक्कांची नोंद वाचा.

कल्पित असल्याची सूचना सर्वांत वर द्या, मथळ्याच्या लगेच खाली, मूळ वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख जोडून. शेवटी दिलेली सूचना कुचकामी ठरते, याचा पुरावा ९ नोव्हेंबर १८७४ चा 'न्यूयॉर्क हेरॉल्ड' आहे. सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून हिंस्र श्वापदे सुटून शहरात शिरल्याची लांबलचक कल्पित हकीगत त्यात छापली होती, आणि हे सारे रचलेले आहे असे अखेरच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलेही होते. तिथवर पोचण्याआधीच कितीतरी वाचक घाबरून गेले होते. आज तर मजकुराचा तुकडा कापून पुढे पाठवला जातो, तेव्हा सूचना पहिल्या पडद्यावर, मथळ्याच्या चित्रातच येईल अशी बसवा, आणि फोनवर एकदा स्वतः उघडून ती कापली जात नाही ना ते पाहा.